टेप क्रमांक चौदा आणि इतर मिळकत

लिहून ठेवणार: जयवंती उपेंद्र हुपरीकर, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त प्राध्यापिका, राहणार सरस्वतीपुरम, म्हैसूर.

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी भरीस न घालता आणि मेंदू ठिकाणावर असताना लिहिते आहे. "मेंदू ठिकाणावर असताना" हे तीन शब्द सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतात आणि कोणी ते तपासून बघत नाही. माझा तर छत्तीस वर्षं तोच धंदा होता. डोक्याला मार बसल्यावर किंवा पक्षाघातानंतर माणसाची भाषा कुठे जाते, किती उरते आणि काय केल्याने परत येते, हे शोधण्यात माझी नोकरी गेली. डॉ. शरण्या यांनी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे, पण त्यावर माझा पुरता विश्वास नाही. त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न मला पाठ होते. त्यांतले सात मीच तयार केलेले आहेत.

म्हणून मी रोज सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःची परीक्षा घेते. झारा, सांडशी, पोळपाट, विळी, रवी, चाळण. अशा साठ वस्तू, मोठ्याने. काल एकोणसाठ पटापट आल्या. किसणीकडे मात्र मी अकरा सेकंद नुसती बघत राहिले. नाव आलं, पण अकरा सेकंदांनी, आणि आमच्या शास्त्रात दहानंतर शून्य मांडतात.

ही धास्ती कशी लागली तेही नोंदवते. फेब्रुवारीत देवराज मार्केटात शेवंती घ्यायला गेले होते. फुलवालीने साठ रुपये सांगितले. मला म्हणायचं होतं, दे. तोंडातून काही निघेना. समोर फूल दिसतंय, नाव नाही. हातात पिशवी, तिचंही नाव नाही. माझं गप्प राहणं तिला घासाघीस वाटली. "आयतु अम्मा, नलवत्तु कोडी," म्हणून ती चाळीसवर आली. मी तशीच उभी. ती तीसवर आली आणि वैतागून पुडा माझ्या हातात कोंबला. चाळीस मिनिटांनी रिक्षात मला पहिला शब्द आला, तो "डावीकडे" होता. डॉक्टर म्हणाले छोटासा झटका होता, निभावलं. पुढचा कधी, हे ते सांगत नाहीत. मी हे इतक्या घाईने का लिहिते आहे, ते यावरून कळेल.

कलम एक. सरस्वतीपुरममधलं राहतं घर माझ्या नावावर असून ते मी आणि माझे पती कै. उपेंद्र यांनी स्वकष्टार्जित पैशातून घेतलं. २००१ साली माझ्या नोकरीपायी ते पुण्याचं सगळं सोडून इथे आले आणि भाजीबाजारापुरत्या कानडीवर वीस वर्षं आनंदाने राहिले. हे घर मुलगा नील आणि मुलगी ईश्वरी यांना समसमान मिळावं. भांडू नका असं लिहिणार नाही, कारण तुम्ही भांडणारच. फक्त जिन्यात उभं राहून भांडू नका, शेजारच्यांना मराठी कळायला लागलं आहे.

उपेंद्रांची स्कूटर मी शेजारी कृष्णमूर्ती यांना लिहून देणार होते, कारण गेली चार वर्षं दर रविवारी ते तिला किक मारून जिवंत ठेवतात. वकील नरसिंहमूर्ती म्हणाले, ते साक्षीदार आहेत, त्यांना काही देऊ नका. आणि द्यायचीच असेल तर मरेपर्यंत थांबता कशाला, आत्ताच किल्ली द्या. मी दिली. सबब स्कूटर या मृत्युपत्रात नाही.

कलम दोन. बँकेतील ठेवी आणि दागिने दोघांना निम्मे. मोहनमाळ ईश्वरीची. ती तिच्या काकूने माझ्या लग्नात "उसनी" नेली आणि नऊ वर्षांनी आणून दिली तेव्हा दोन मणी कमी होते. काकू आता नाहीत. पण मणी कमी होते.

कलम तीन. पुस्तकं मी जिथे शिकवलं त्या संस्थेच्या ग्रंथालयाला. रुग्णांच्या ध्वनिमुद्रणाच्या दोनशे बारा कॅसेटपैकी दोनशे अकरा संस्थेला. उरलेली एक, क्रमांक चौदा, हिच्याबद्दल कलम सातमध्ये लिहिलं आहे. ती शोधू नये. ती मेतकुटाच्या डब्यामागे आहे.

कलम चार. स्टॉपवॉच आमचे तेव्हाचे विभागप्रमुख तिरुमलराव यांना साभार परत. त्यांनीच ते मला दिलं आणि नियम सांगितला: प्रश्न विचारावा, दहा सेकंद थांबावं, उत्तर न आल्यास शून्य मांडून पुढे जावं. त्यांनी माझी बढती तीन वर्षं अडवली आणि म्हैसूरच्या मराठी माणसांचा अभ्यास करून कोणाचं भलं होणार आहे, असं भर बैठकीत विचारलं, हे मी विसरलेले नाही. दहा सेकंदांचं खापरही त्यांच्याच डोक्यावर फोडावं असा माझा जानेवारीपासून प्रयत्न चालू आहे. ते फुटत नाही. घड्याळ त्यांचं होतं, पण बटणावर अंगठा माझा होता.

कलम पाच. हे कलम मी जिवंत असतानाचं आहे. वकिलांचं म्हणणं, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, जिवंतपणासाठी वेगळा कागद करू. तो केला आहे. तरी इथेही लिहिते आणि याची प्रत दोन्ही मुलांना आजच पाठवते, कारण मला मरणाची नाही तितकी भीती या कलमाची आहे.

माझी वाचा गेली तर मी वेडी झाले असं समजू नका. आत मी असेन. नील, तू गुणी मुलगा आहेस आणि समोरच्याचं वाक्य तूच पूर्ण करतोस. लहानपणी मी त्याचं कौतुक करायची, आता माफी मागते. ईश्वरी, तू रडत रडत चार प्रश्न एकदम विचारशील, एक विचार. माझ्या "हो"वर लगेच विसंबू नका, या आजारात नाही म्हणायचं असताना हो निघून जातं. तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारा. टीव्ही बंद करा. आणि थांबा. तुम्हाला पुरे वाटेल त्याच्या दुप्पट थांबा. मी खोलीत असताना माझ्याबद्दल फोनवर बोलू नका, मी कितीही मख्ख दिसले तरी.

माझ्याजवळ बसून माझं म्हणणं काढून घ्यायला मला हर्षिता हवी आहे. हर्षिता माझी विद्यार्थिनी, आता स्वतः वाचा-उपचार करते. दिवाळीपासून दर शनिवारी येऊन माझ्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवते. तिला हे अजून विचारलेलं नाही. विचारायचा मला अधिकार आहे की नाही, ते पुढे वाचून ठरवा.

कलम सहा. माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला लाकडी ठसा, कोयरीच्या नक्षीचा, कडेने निळा रंग मुरलेला. हा देवराज मोहल्ल्यातील इंदिराबाई यांना परत द्यावा. त्यांचे यजमान संताजीराव कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मराठी घराण्यातले. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या इथलीच. २००४ साली संताजीरावांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी त्यांना तपासलं, मग इंदिराबाई पदराखाली हा ठसा घेऊन आल्या. म्हणाल्या, बाई, तुम्ही आम्हाला खरं काय ते सांगितलं, नाहीतर आम्ही आशेवर राहिलो असतो. तेव्हापासून तो माझ्या टेबलावर आहे. जानेवारीपासून मी त्यावर रुमाल टाकून ठेवला आहे.

कलम सात. टेप क्रमांक चौदा हर्षिताला माझ्या मृत्यूनंतर द्यावी. त्याचं कारण असं.

टेपवर संताजीराव आहेत. त्यांना मी हो-नाहीचे वीस प्रश्न विचारले आहेत. वीसपैकी तीन बरोबर आले. त्यावरून मी अहवालात लिहिलं की यांना बोललेलं कळत नाही. याच माणसावरचा माझा निबंध पुढे गाजला. तिरुमलरावांना मला बढती द्यावी लागली ती त्याच जोरावर. निबंधात त्यांचं नाव नाही, नुसतं "रुग्ण चौदा" आहे.

जानेवारीत मी ती टेप एकवीस वर्षांनी ऐकली. तुमचं नाव संताजीराव आहे का? दहा सेकंद शांतता. मी शून्य मांडलं, पेनाचा आवाज येतो. तुमचं नाव गोविंदराव आहे का? लगेच उत्तर, "हो." चूक. आत्ता आपण दवाखान्यात आहोत का? "नाही." चूक. मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते, फक्त त्यांना तेरा-चौदा सेकंद लागत होते. तोवर मी पुढचा प्रश्न विचारून मोकळी झालेली असायची. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर पडत होतं, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. सगळी उत्तरं एक-एक घर मागे सरकवली तर वीसच्या वीस बरोबर येतात.

कोणी नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी दहाच्या आसपास बरोबर आली असती. ज्याला खरंच कळत नाही त्याची इतकी कमी, तीनच, येत नाहीत. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही दिसलं असतं, मला दिसलं नाही. वर्गात मी घसा कोरडा करून सांगायची की रुग्णाला वेळ द्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटचा प्रश्न दगडाचाच होता: दगड पाण्यावर तरंगतो का? त्यावर आधीच्या प्रश्नाचं "हो" येऊन पडलं. मी शून्य मांडलं आणि इंदिराबाईंकडे वळून म्हणाले, यांना आपलं बोलणं कळत नाही, उगाच बोलून दमवू नका. तेवढ्यात संताजीराव स्पष्ट म्हणतात, "नाही." मी त्यावर "बघा" म्हणाले आहे. इंदिराबाई म्हणतात, बरं बाई. त्यानंतर ते सात वर्षं जगले आणि इंदिराबाईंनी माझा शब्द पाळला. ते "नाही" दगडाला होतं की मला, हे मी शेकडो वेळा ऐकूनही ठरवू शकलेले नाही.

हर्षिता त्यांची नात आहे. आजोबांमुळेच ती या अभ्यासाकडे वळली आणि पहिल्या दिवशी माझ्या पाया पडून म्हणाली, तुम्ही माझ्या अज्जांना बघितलं होतं. कॅसेटवर नावं नाहीत, आकडे आहेत, म्हणून तिला चौदा नंबर कोणाचा ते माहीत नाही. मी मेल्यावर तिने ती ऐकावी आणि तिला मला जे म्हणायचं असेल ते म्हणावं.

इथपर्यंतचा मजकूर शनिवार, दिनांक ५ जुलै रोजी पूर्ण झाला.

पुरवणी. वकिलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्याच दिवशी सगळं कानडीत सांगितलं. कलम सात संपल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मुलगी हे वाचेल तेव्हा तुम्ही नसाल, मग तिने विचारायचं कोणाला? आणि जाताना पायऱ्यांवरून म्हणाले, स्कूटरचं ऐकलंत ना माझं.

रविवारी मला झोप नाही, जेवण नाही. सांगून इंदिराबाईंच्या म्हाताऱ्या जिवाला घोर लावायचा, की गप्प राहून तिला सुखाने जाऊ द्यायचं? हा विचार मला दयाळू वाटत होता. मग सकाळी किसणी आठवली. माझे शब्द कुठल्या दिवशी जातील याची हमी नाही, आणि मी दया म्हणते ती भीतीच आहे हे मला कळत होतं. सोमवारी हर्षिताला बोलावलं. टेप लावली आणि बोलले. टेपच्या अगदी सुरुवातीला एक वाक्य आहे जे मी वर लिहायचं टाळलं होतं. मी म्हणते, मुलीला बाहेर बसवा, आवाज करते आहे. मागे कवड्या वाजतात. ती सहा वर्षांची हर्षिता होती.

टेप संपल्यावर ती बोलेना. मीही मोजलं नाही. बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं.

"मला गोत्तु होतं, माहीत होतं, मॅडम. अज्जा लेट उत्तर द्यायचे. मी एक विचारायची, मग कवड्या टाकायची, मग उत्तर यायचं. आम्ही रोज खेळायचो." मग थांबून म्हणाली, "मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

त्या सहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं. मी तर तिला बाहेर काढलं होतं. मी म्हटलं, हर्षिता, तू मला काहीही बोल. ती उठली. दार उघडताना म्हणाली, "आजीला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

शुक्रवारी मी ठसा आणि टेप घेऊन देवराज मोहल्ल्यात गेले. खाली आता त्यांच्या मुलाचं शिलाईचं दुकान आहे, वर इंदिराबाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, सोलत टीव्ही बघत होत्या. हर्षिता दारात उभी राहिली. मी वाक्य पाठ करून गेले होते. "ती," एवढं म्हटलं आणि पुढे काही नाही. झटका होता की भीती, मला अजून सांगता येत नाही. हर्षिताने मदत केली नाही. तिला मीच तसं शिकवलं आहे.

इंदिराबाईंनी टीव्ही बंद केला. सूप बाजूला ठेवलं. "नोडी बाई, घाई कशाला," म्हणाल्या, "बसा, सावकाश सांगा." आणि माझ्याकडे बघत बसून राहिल्या. किती वेळ ते ठाऊक नाही, घड्याळ घरी होतं. माझ्यासाठी कधी कोणी इतकं थांबलेलं आठवत नाही. मग आलं, तुटक आलं, पण सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी त्यांच्यापुढे बोललेलं सगळं त्यांना अर्थ होत होतं, कळत होतं?"

इतके महिने मला वाटत होतं की ऐन वेळी शब्द दगा देईल. या प्रश्नाला उत्तर एकच शब्दाचं होतं आणि ते एक सेकंदही न लागता आलं. मी म्हटलं, "हो."

इंदिराबाई भिंतीकडे बघून बोलल्या. एकदा यजमानांना भरवताना शेजारणीला म्हणाल्या होत्या, देवाने आता सोडवावं, मलाही आणि यांनाही. त्या दिवशी संताजीराव जेवले नाहीत, तोंड मिटून घेतलं. इंदिराबाईंना वाटलं अजीर्ण झालं असेल, म्हणून ओवा दिला. एवढं सांगून त्यांनी टेप लाव म्हटलं. हर्षिताने लावली. शेवटच्या "नाही"पाशी त्या प्रत्येक वेळी हात वर करायच्या आणि हर्षिता मागे न्यायची. असं पाच वेळा झालं. रडल्या नाहीत. मी रडले, आणि मला कोणी गप्प केलं नाही.

निघताना मी ठसा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"तुमच्याकडेच असू दे," त्या म्हणाल्या. "रोज बघत जा."

सबब पुढील बदल करते. कलम सात रद्द; टेप इंदिराबाईंकडे आहे आणि निबंधाची चूक मान्य करणारं पत्र मी नियतकालिकाकडे काल पाठवलं. कलम सहा रद्द. ठसा त्यांनी परत घेतला नाही. तो माझ्या टेबलावर राहील, रुमालाशिवाय. माझी वाचा गेली तर तो माझ्या नजरेसमोर ठेवावा. माझ्यानंतर तो हर्षिताला द्यावा, तिला हवा असेल तर. कलम पाचबद्दल मी तिला काल विचारलं. तिने अजून उत्तर दिलेलं नाही आणि मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

याआधीचं माझं दुसरं मृत्युपत्र नाही. हे मी स्वतः लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचलं आणि प्रत्येक पानावर सही केली.

स्थळ: सरस्वतीपुरम, म्हैसूर
दिनांक: १३ जुलै २०२५, रविवार

(सही) जयवंती उपेंद्र हुपरीकर

साक्षीदारांचे निवेदन: बाईंनी वरील मजकूर आमच्यासमोर वाचून, कानडीत समजावून सांगून सही केली. वाचताना त्या तीनदा अडल्या. आम्ही मध्ये बोललो नाही.

१. (सही) कृष्णमूर्ती, शेजारी
२. (सही) डॉ. शरण्या